मासिकासाठी कलावंताचा फोटो : आधी तयारी, आधी कागद, मग कॅमेरा

आपल्या गावातला एखादा जुना कव्वाल, शहनाईवाला किंवा बँडमास्तर अल्लाहला प्यारा होतो. दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रासाठी फोटो मागितला जातो आणि घरात शोधाशोध सुरू होते. सापडतो तो आधार कार्डावरचा फोटो, नाहीतर कुणाच्या तरी लग्नाच्या अल्बममधून कापून काढलेला अर्धा चेहरा. ज्या माणसाने उभा जन्म पेटीचा भाता ओढण्यात घालवला, त्याचा पेटीवर हात असलेला एकही नीट फोटो घरात नसतो. असे प्रसंग यवतमाळ जिल्ह्यात आपण सर्वांनी पाहिले आहेत.

नवल असे की त्याच गावात दोन-चार फोटो स्टुडिओ असतात, आणि त्यांतले काही आपल्याच बांधवांचे असतात. कॅमेरा आहे, हातात हुन्नर आहे, पण लग्नसराई संपली की दुकानात माशी हलत नाही. एकीकडे फोटोविना राहिलेले कलावंत आणि दुसरीकडे कामाविना बसलेले स्टुडिओवाले. या दोघांच्या मध्ये एक धंदा उभा राहू शकतो. संगीतविषयक मासिकासाठी कलावंताचा फोटो काढण्याचे काम कसे घ्यावे, कसे आखावे आणि त्यात आपले नुकसान कसे होऊ देऊ नये, याचा विचार आम्ही या लेखात करीत आहोत.

जुनी कामे गेली, नवी कोणती?

स्टुडिओच्या धंद्याला कसा तडाखा बसला हे वेगळे सांगायला नको. एकेकाळी पासपोर्ट फोटो, रोल धुणे, प्रिंट काढणे यावर दुकानाचे भाडे निघत असे. रोल गेला. ज्या कोडॅक कंपनीच्या पिवळ्या पाट्या आपल्या बाजारपेठांत झळकत असत, त्या कंपनीने जानेवारी २०१२ मध्ये अमेरिकेत दिवाळखोरीचा अर्ज केला. आधार केंद्रावर फोटो तिथल्या तिथे निघतो आणि वाढदिवसाचा फोटो मोबाईलवर निघतो. राहिले लग्न. तेही वर्षातले काही महिने, आणि त्यातही दर पाडणारे पुष्कळ.

अशा वेळी ज्या कामात मोबाईलवाला टिकू शकत नाही, ते काम शोधले पाहिजे. छापील पानासाठीचा फोटो हे असे एक काम आहे. संगीतावरची नियतकालिके आपल्या देशात जुनी आहेत. हाथरसचे 'संगीत' हे हिंदी मासिक १९३५ साली सुरू झाले. मराठीत अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाचे 'संगीत कला विहार' आहे. 'रोलिंग स्टोन' या अमेरिकन संगीत-नियतकालिकाची भारतीय आवृत्ती २००८ मध्ये निघाली. शिवाय आपल्याकडे दिवाळी अंकांची परंपरा आहे. का. र. मित्र यांनी १९०९ मध्ये 'मनोरंजन'चा दिवाळी अंक काढला, तेव्हापासून दर वर्षी कलावंतांवरचे लेख आणि त्यांसोबत छायाचित्रे छापली जात आहेत.

आणि कलावंत आपल्या जिल्ह्यात नाहीत असे कुणी म्हणू नये. आर्णीच्या बाबा कंबलपोष यांच्या उर्समध्ये सर्व धर्मांचे लोक येतात. पुसद, दिग्रस, दारव्हा भागातील तांड्यांवर होळीला लेंगी गायली जाते. केळापूर, झरी जामणी, मारेगाव भागात कोलाम आणि गोंड बांधवांची वाद्ये आहेत. गावोगाव भजनी मंडळे आहेत, बँडपथके आहेत. पुण्या-मुंबईच्या संपादकाला यांच्यावर लेख हवा असेल, तर तिकडून छायाचित्रकार पाठविण्यापेक्षा जिल्ह्यातलाच जाणकार माणूस मिळणे त्याला परवडते. मात्र तो माणूस जाणकार हवा.

एक विद्यार्थिनी आणि एक उस्ताद

या कामाचा उत्तम दाखला आपल्या महाराष्ट्राच्या मातीतल्याच एका कलावंताशी जोडलेला आहे. उस्ताद झाकीर हुसेन यांचा जन्म ९ मार्च १९५१ रोजी मुंबईत माहीमला झाला. वडील उस्ताद अल्लारखा. तबल्याची तालीम घरातच. १५ डिसेंबर २०२४ रोजी सॅन फ्रान्सिस्कोमध्ये त्यांचे निधन झाले, तेव्हा जगभरच्या वर्तमानपत्रांनी त्यांचे फोटो छापले. त्यांच्या तरुणपणाची आठवण ज्या छायाचित्रांनी जपली आहे, त्यांत दयानिता सिंग यांच्या छायाचित्रांचे स्थान वरचे आहे.

१९८० च्या दशकाच्या सुरुवातीला दयानिता सिंग अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत शिकत होत्या. अभ्यासाचा भाग म्हणून त्या झाकीरभाईंच्या मैफिलीत फोटो काढायला गेल्या. आयोजकांच्या माणसाने त्यांना अडविले आणि त्या गडबडीत त्या पडल्या. कार्यक्रम संपल्यावर त्यांनी थेट उस्तादांनाच गाठले आणि आपली तक्रार ऐकवली. पुढे उस्तादांनी त्यांना आपल्यासोबत फिरण्याची मुभा दिली. सहा हिवाळे त्या मैफिलींच्या दौऱ्यावर कलावंतांबरोबर फिरल्या. मंचावर, मंचामागे, प्रवासात आणि घरी त्यांनी फोटो काढले. त्यातून १९८६ मध्ये 'झाकीर हुसेन' हे त्यांचे पहिले पुस्तक निघाले. त्या पुस्तकाचा त्यांनी हाताने तयार केलेला मूळ नमुना जर्मनीच्या श्टाइडल प्रकाशनाने २०१९ मध्ये छापून पुन्हा बाजारात आणला. २०२२ मध्ये त्यांना हॅसलब्लाड हा छायाचित्रणातला मोठा आंतरराष्ट्रीय पुरस्कार मिळाला. रियाज म्हणजे काय आणि कामात चित्त कसे लावावे, हे आपण झाकीरभाईंकडून शिकलो असे त्या सांगत आल्या आहेत.

आपल्या स्टुडिओवाल्याला सहा हिवाळे फिरणे शक्य नाही. त्याला एक दिवस मिळेल, फार तर दोन. पण यातला धडा त्याच्याही कामाचा आहे. कलावंताचा विश्वास आधी बसतो आणि फोटो नंतर निघतो. पुण्याचे छायाचित्रकार सतीश पाकणीकर यांनीही शास्त्रीय गायक-वादकांची छायाचित्रे वर्षानुवर्षे मैफिलींत बसून जमविली आणि त्यांतून संगीतावरची दिनदर्शिका काढली. संगीत ऐकणारा माणूसच संगीतकाराचा चांगला फोटो काढू शकतो, हे अशा कामातून दिसते.

फोन आला, आता काय विचारायचे?

समजा, दिग्रसच्या एका स्टुडिओवाल्याला पुण्याच्या मासिकाचा फोन आला. आर्णी तालुक्यातल्या एका बुजुर्ग पेटीवादकावर लेख येणार आहे. उर्समध्ये कव्वालांना साथ करीत त्यांचे आयुष्य गेले. त्यांचे फोटो हवेत. पुष्कळ जण इथेच चूक करतात. "होऊन जाईल साहेब" म्हणतात आणि कॅमेरा उचलून निघतात. मग उभा फोटो हवा तिथे आडवा जातो आणि काम परत येते.

फोन ठेवण्याआधी या गोष्टी विचारून लिहून घ्याव्यात. किती फोटो छापणार? मुखपृष्ठावर की आतील पानावर? उभा की आडवा? रंगीत की कृष्णधवल? लेखाचा मुद्दा काय आहे, म्हणजे वादकाची कला, त्याचे घराणे की त्याची गरिबी? शेवटचा प्रश्न महत्त्वाचा आहे, कारण फोटो लेखाच्या विरुद्ध बोलू लागला तर तो छापला जात नाही. फोटो कोणत्या तारखेपर्यंत हवेत? मोबदला किती आणि कधी? फोटोखाली नाव छापणार का?

मुखपृष्ठ असेल तर वरच्या बाजूला मासिकाचे नाव बसते. तेवढी जागा मोकळी सोडावी लागते. वादकाचे डोके चौकटीच्या वरच्या कडेला टेकविले तर नाव त्याच्या कपाळावर छापले जाते. दोन पानांवर पसरलेला फोटो असेल तर मधल्या घडीत चेहरा येऊ देऊ नये. चारी बाजूंनी थोडी जास्त जागा ठेवावी, कारण छापखान्यात कागदाची कड कापली जाते.

मापही ध्यानात ठेवावे. ए-४ आकाराचे पूर्ण पान चांगल्या छपाईसाठी ३०० डीपीआयने मोजले तर २४८० गुणिले ३५०८ पिक्सेल होतात, म्हणजे सुमारे ८७ लाख पिक्सेल. आजच्या कोणत्याही चांगल्या कॅमेऱ्यात हे बसते. पण तोच फोटो व्हॉट्सॲपवर साध्या पद्धतीने पाठविला की लहान होतो आणि छापताना फाटतो. म्हणून फोटो 'डॉक्युमेंट' म्हणून किंवा लिंकने मूळ आकारात पाठवावा.

पहिली भेट कॅमेऱ्याशिवाय

कामाच्या आधी एकदा कलावंताच्या घरी जाऊन यावे आणि कॅमेरा पिशवीतच ठेवावा. सलाम-दुआ करावी, चहा घ्यावा आणि त्यांना बोलू द्यावे. पेटी कुणाकडून घेतली, उस्ताद कोण, पहिल्यांदा कोणत्या उर्समध्ये बसले, असे विचारले की चेहरा खुलतो. तो खुललेला चेहरा कसा दिसतो हे आपण तेव्हाच पाहून ठेवतो.

याच भेटीत घरही पाहून घ्यावे. खिडकी कोणत्या दिशेला आहे, सकाळचा उजेड कुठे पडतो, भिंतीचा रंग कोणता, मागे फ्रीज किंवा कॅलेंडर येते का, हे टिपून ठेवावे. निळी किंवा हिरवी भिंत असेल तर तिचा रंग चेहऱ्यावर उतरतो. अशा वेळी ओसरी किंवा झाडाची सावली बरी. कपड्यांविषयी अदबीने बोलून घ्यावे. "चाचा, तुम्ही उर्समध्ये जो कुर्ता घालता तोच घाला," असे म्हणावे. नवीकोरी शेरवानी भाड्याने आणून घालायला लावली तर त्यातला माणूस अवघडतो आणि फोटोत ते दिसते.

एक गोष्ट मोकळेपणाने विचारावी. फोटोविषयी आणि संगीताविषयी आपल्या उलेमांमध्ये मतभेद आहेत. त्या चर्चेत आम्ही येथे जात नाही. पण घरातील कुणाला फोटोत यायचे नसेल तर त्यांचा मान राखणे हा सौद्याचाच भाग आहे. घरातील महिला आणि मुले परवानगीशिवाय चौकटीत येता कामा नयेत. दर्ग्यात फोटो घ्यायचा असेल तर आधी विश्वस्तांना आणि मुजावरांना विचारावे, नमाजाच्या वेळा टाळाव्यात आणि मजारीजवळ दिवे-छत्र्यांचा पसारा मांडू नये. जी जागा आपल्याला मिळाली ती अमानत आहे असे समजून काम करावे.

वाद्य ओळखा

लग्नातला फोटोवाला आणि संगीताचा फोटोवाला यांत फरक पडतो तो इथेच. पेटी अशी ठेवलेली असते की तिची पाठ श्रोत्यांकडे येते. समोरून फोटो काढला तर लाकडी खोके दिसते आणि त्यावर एक डोके. म्हणून थोडे बाजूला, वादकाच्या उजव्या हाताच्या बाजूला बसावे. पट्ट्यांवरची बोटे आणि चेहरा एकाच चौकटीत येतात. भात्याचा हात दाखवायचा असेल तर दुसऱ्या बाजूने वेगळा फोटो घ्यावा. वादक खाली पट्ट्यांकडे पाहतो तेव्हा डोळे मिटल्यासारखे दिसतात. मुखडा संपून तो कव्वालाकडे मान वर करतो, तो क्षण टिपायचा.

तबल्यात सारा जीव हातात असतो. हात स्थिर हवे असतील तर शटर १/२५० किंवा त्याहून वेगवान ठेवावे. हातांची थिरक दाखवायची असेल तर १/३० पर्यंत खाली आणावे आणि कॅमेरा तिकाटण्यावर ठेवावा. शहनाई आणि बासरीत फुंक भरताना गाल फुगतात, म्हणून श्वास घेण्याच्या क्षणी फोटो चांगला येतो. गायकाच्या तोंडावर माईक येऊ देऊ नये. समेवर येताना गायक बहुधा मान हलवितो आणि माईकपासून थोडा दूर जातो. जो ऐकत असतो त्याला ही सम आधी कळते. ऐकायला न शिकलेल्याचे बोट नेहमी उशिरा दाबले जाते.

वाद्याची काळजी ही आपली जबाबदारी आहे. तबला उन्हात ठेवला तर चामडे ताणते आणि सूर चढतो. दमट जागी ते सैल पडते. सतार-तंबोऱ्याचा भोपळा आणि सांधे कडक उन्हात तडकू शकतात. पेटीत धूळ गेली तर सूर अडकतात. "छान उजेड आहे" म्हणून वाद्य यवतमाळच्या मे महिन्याच्या उन्हात मांडणारा फोटोवाला त्या घरी पुन्हा बोलावला जात नाही.

येथे कारागीर बांधवांसाठीही एक मुद्दा आहे. ज्या मासिकाला वादक हवा असतो, त्याला पुढे कधीतरी वाद्य घडविणाराही हवा असतो. मिरजेत पिढ्यान्‌पिढ्या सतार-तंबोरे घडविणारी मुस्लिम कुटुंबे आहेत. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले, तेव्हा त्या कारागिरांची छायाचित्रे सर्वत्र छापली गेली. आपल्याकडे तबल्याला पुडी चढविणारा, पेटी दुरुस्त करणारा, ढोल मढविणारा असेल तर त्याच फेरीत त्याचेही चार फोटो काढून ठेवावेत.

उजेड, वेळ आणि सामान

आपल्या भागात उन्हाळ्यात दहा वाजल्यापासूनच ऊन डोक्यावर येते आणि डोळ्यांखाली काळे पडते. सूर्योदयानंतरचा तास-दीड तास आणि मावळतीआधीचा तास-दीड तास हा बाहेरच्या फोटोचा खरा वेळ. दिवाळीपुढचे दिवस त्याहून चांगले. ऊन कोवळे असते आणि शेतात कापूस फुटलेला असतो. मात्र दिवाळी अंकाचे फोटो त्याआधीच जावे लागतात, हे विसरू नये.

घरात काम करायचे तर खिडकीच्या कडेला बसवावे आणि दुसऱ्या बाजूला थर्माकोलची पांढरी शीट धरावी. हा सर्वांत स्वस्त आणि सर्वांत चांगला दिवा आहे. ५० मिलिमीटरची साधी, मोठ्या छिद्राची लेन्स या कामाला पुरते. जवळून हात आणि चेहरा घ्यायला ८५ मिलिमीटरची असेल तर उत्तम. रात्री एलईडी दिव्याखाली काम करताना एक अडचण येते. आपली वीज ५० हर्ट्झची असल्याने हलक्या प्रतीचे दिवे लुकलुकतात आणि वेगवान शटरला फोटोत पट्टे उमटतात. तेव्हा शटर १/५० किंवा १/१०० ठेवावे. म्हणून हातांचे वेगवान फोटो दिवसा उजेडी उरकून घ्यावेत आणि मैफिलीचे वातावरण रात्री घ्यावे.

वीज जाईल हे गृहीत धरावे. बॅटऱ्या दोन, कार्डे दोन. काम संपल्यावर घरी पोहोचण्याआधी कार्ड पुसू नये. चालू कव्वालीत फ्लॅश मारू नये आणि उठून पुढे-मागे फिरू नये. आधीच एक जागा धरून बसावे. लोक कव्वाली ऐकायला आलेले असतात, ही जाणीव ठेवणाऱ्याला आयोजक पुढच्या वर्षी स्वतःहून बोलावतात.

आधी लिहा

आता खरा मुद्दा. आमच्या पाहण्यात असे आले आहे की स्टुडिओवाला मेहनत करतो, फोटो पाठवितो, आणि वर्षभराने तोच फोटो कुठल्या तरी कार्यक्रमाच्या बॅनरवर, कॅसेट-सीडीच्या वेष्टनावर किंवा मोबाईलवरच्या जाहिरातीत दिसतो. खाली नाव नाही, हातात पैसा नाही. भांडायला जावे तर विचारले जाते, "कागद आहे का?" कागद नसतो.

कायदा काय सांगतो ते समजून घ्या. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार छायाचित्राचा कर्ता म्हणजे ते काढणारा. पण कलम १७ मध्ये एक मेख आहे. कुणी मोबदला देऊन, आपल्या सांगण्यावरून छायाचित्र काढून घेतले आणि उलट करार झालेला नसेल, तर त्याचा पहिला मालक काम देणारा ठरतो. म्हणजे मासिकाने फोन केला, पैसे ठरविले, तुम्ही फोटो काढला आणि काहीच लिहिले नाही, तर हक्क मासिकाकडे जाऊ शकतो. उलट, तुम्ही स्वतःच्या मनाने कलावंताचे फोटो काढून ठेवले आणि नंतर मासिकाला छापायला दिले, तर मालक तुम्हीच राहता. एका ओळीच्या करारानेही हे चित्र बदलते. ती ओळ लिहून घ्यायची की नाही, एवढाच प्रश्न आहे.

त्याच कायद्यात कलम १९ आहे. हक्क दुसऱ्याला द्यायचा तर लेखी आणि सहीनिशी द्यावा लागतो. मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षे धरली जाते आणि प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरता धरला जातो. कलम ५७ नुसार हक्क विकल्यानंतरही कर्ता म्हणून स्वतःचे नाव सांगण्याचा अधिकार आपल्याकडे राहतो. २०१२ च्या दुरुस्तीनंतर छायाचित्राचा कॉपीराइट काढणाऱ्याच्या हयातीत आणि त्यानंतर साठ वर्षे टिकतो. म्हणजे आज काढलेला फोटो आपल्या नातवंडांच्याही कामी येऊ शकतो.

म्हणून साध्या मराठीत, एका पानावर एवढे लिहावे : फोटो किती, कोणत्या अंकासाठी, एकदाच छापण्याचा हक्क, इंटरनेटवर वापरायचे असल्यास वेगळा मोबदला, फोटोखाली नाव, रक्कम, देण्याची तारीख, आणि कॉपीराइट छायाचित्रकाराकडे राहील. दोन्ही बाजूंच्या सह्या असाव्यात. संपादक लांब असेल तर हेच ईमेलने पाठवून त्याचा होकार घ्यावा आणि तो जपून ठेवावा. रक्कम मोठी असेल तर मसुदा वकिलाला दाखवावा.

कलावंताकडूनही एक संमतीपत्र घ्यावे. त्यात फोटो कुठे छापला जाणार हे स्पष्ट असावे. जाहिरातीसाठी वापरायचा झाल्यास पुन्हा विचारू आणि त्यांचा वाटा देऊ, असेही त्यात लिहावे. जो न्याय आपण मासिकाकडे मागतो, तो चाचांनाही मिळाला पाहिजे.

काही बांधवांना लिहून मागायला संकोच वाटतो. "ओळखीतले आहेत, कागद काय मागायचा?" असे म्हणतात. त्यांना आम्ही आठवण करून देतो की सूरह अल-बकराच्या २८२ व्या आयतीत मुदतीचा व्यवहार लिहून ठेवण्याचा, न्यायाने लिहिणारा बसविण्याचा आणि साक्षीदार घेण्याचा स्पष्ट आदेश आहे. पवित्र कुरआनातली ही सर्वांत मोठी आयत व्यवहार लिहिण्याविषयीची आहे. लिहून ठेवणे हा अविश्वास नाही. त्याने उद्याचे भांडण मिटते.

हिशेब मांडा

दर सांगण्याआधी आपला खर्च आपल्याला माहीत हवा. आमच्या समजुतीच्या उदाहरणात हिशेब असा मांडता येईल. दोन फेऱ्यांचे पेट्रोल १,२०० रुपये, मदतनीस ८००, चहा-जेवण ४००, कॅमेऱ्याची झीज १,०००, संगणकावर फोटो निवडून दुरुस्त करण्याची एक दिवसाची मजुरी १,५०० आणि स्वतःची मजुरी ३,०००. एकूण ७,९०० रुपये झाले. हे आकडे केवळ उदाहरणादाखल आहेत. प्रत्येकाने आपले घालून पाहावेत.

आता मासिक ४,००० रुपये देऊ म्हणाले तर? थेट नाही म्हणण्याची गरज नाही आणि तोटा सोसण्याचीही नाही. त्या रकमेत चार फोटो, एकदा छापण्याच्या हक्काने द्यावेत. बाकीचे फोटो आपलेच राहतात. संमतीपत्राच्या हद्दीत राहून त्यांतला एखादा दिवाळी अंकाला जाईल, एखादा वर्तमानपत्राच्या पुरवणीला. स्वतः कलावंताला आकाशवाणीच्या किंवा मानधन योजनेच्या अर्जाला, कार्यक्रमाच्या पत्रिकेला चांगला फोटो लागतोच. आयोजकांना पुढच्या वर्षीच्या पत्रकासाठी लागतो. कॉपीराइट दिला असता तर यातले काहीच करता आले नसते. कागदावरच्या त्या एका ओळीची किंमत इथे कळते.

अर्धी रक्कम आधी मागण्यात लाज नाही. बिल द्यावे, पावती ठेवावी. मासिकाने करकपात केली तर त्याची नोंद विवरणपत्रात दाखवावी. रोख हातात घेऊन विसरण्यापेक्षा बँकेत जमा झालेली रक्कम उद्या कर्ज मागताना कामी येते.

फोटो जपा

शेवटचा मुद्दा जपणुकीचा. मुंबईच्या कामत फोटो फ्लॅशने हिंदी-मराठी चित्रपटांच्या सेटवर जे फोटो काढले, त्यांच्या निगेटिव्ह त्या कुटुंबाने पिढ्यान्‌पिढ्या सांभाळल्या. आज जुन्या चित्रपटांवर लिहिणाऱ्यांना त्यांच्याकडे जावे लागते. अमेरिकेत ब्लू नोट या जॅझ संगीताच्या कंपनीचे भागीदार फ्रान्सिस वुल्फ ध्वनिमुद्रणाच्या वेळी वादकांचे फोटो काढीत. तेव्हा ते रेकॉर्डच्या वेष्टनासाठी होते. वुल्फ यांच्या निधनानंतर कित्येक वर्षांनी त्यांचीच पुस्तके निघाली.

आपल्या जिल्ह्यातल्या स्टुडिओंच्या माळ्यावर रोलच्या काळातल्या निगेटिव्हचे डबे पडून आहेत. पावसाळ्याच्या ओलीने ते चिकटत चालले आहेत. त्यांत कुठल्या तरी उर्समधला एखादा तरुण कव्वाल असेल. आज तो म्हातारा झाला असेल किंवा नसेलही. डबे खाली काढा, कोरड्या जागी ठेवा, कामाचे असेल ते स्कॅन करा आणि मागे नाव, गाव, साल लिहा. नव्या फोटोंच्या दोन प्रती दोन वेगळ्या ठिकाणी ठेवा, म्हणजे एक दुकानात आणि एक घरी.

आमची स्टुडिओवाल्या बांधवांना विनंती आहे की या पावसाळ्यात, काम नसेल तेव्हा, आपल्या गावातल्या तीन कलावंतांची यादी करावी. मासिकाच्या फोनची वाट पाहू नये. एकाच्या घरी जाऊन चहा घ्यावा, संमतीपत्र घ्यावे आणि एक चांगला फोटो काढावा. असा फोटो आपल्या खर्चाने काढलेला असल्याने त्यावर हक्क आपलाच राहील. त्याची एक प्रत चौकटीत बसवून चाचांच्या घरी द्यावी. छापून आला तर रोजी मिळेल, इन्शाअल्लाह. आणि कधी काळी त्या घरात फोटो शोधायची वेळ आली, तर भिंतीवर पेटीवर हात ठेवलेला, मान वर करून पाहणारा माणूस असेल.